पुण्यातल्या हिरव्या जागा पाहायला येताय? टेप सोबत आणा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात एका गृहसंकुलाच्या 3 एकर मोकळ्या जागेचं काम हाती आहे, जागेच्या कडेने ओढा जातो, टीम 8 जणांची आहे, आणि आराखड्याला हात घालण्याआधी दोन दिवस पुण्यात येऊन बागा पाहायच्या आहेत. ‘चुकवू नयेत अशा दहा बागा सांगा’ असं तुम्ही विचारलंय.

दहा सांगत नाही. दोन दिवसांत दहा बागा उरकल्या की हजारभर फोटो जमतात. घरी परतल्यावर त्यातला एकही फोटो सांगत नाही की तो बाक किती उंच होता, ओढ्याचा काठ किती उताराचा होता, आणि ती हिरवळ जगवायला रोज किती पाणी ओतावं लागतं. तुमच्यापुढचा खरा प्रश्न वेगळा आहे: इथे पाहिलेल्यातलं सोलापूरच्या उन्हात, काळ्या मातीत आणि टँकरच्या पाण्यावर काय टिकेल? त्या प्रश्नासाठी सात जागा पुरतात, आणि त्यातली एक दोनदा पाहावी लागते.

आधी काही गोष्टी, ज्या तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. पहिली म्हणजे महिना. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुण्यातली प्रत्येक बाग सुंदर दिसते, म्हणून शिकायला तो सगळ्यात निकामी काळ. पाऊस नुकताच संपलेला असतो, सगळंच हिरवं असतं, चूक कुठे आहे ते झाकलेलं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर आणि गणेर फुलतात, पानं झडलेली असतात, त्यामुळे झाडांची ठेवण उघडी दिसते. मेच्या पहिल्या पंधरवड्यात बहावा आणि तामण फुललेले असतात आणि त्याच वेळी बागेची पाण्याची बाजू उघडी पडते: कुठलं झुडूप करपलंय, कुठलं लॉन पिवळं पडलंय, माळी पाइप घेऊन कुठे उभा आहे. एकच फेरी जमणार असेल तर मे निवडा. दुसरी फेरी परवडत असेल तर जुलैच्या मध्यात, मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, फक्त पाणी पाहायला या.

दुसरी गोष्ट म्हणजे पुणे आणि सोलापूर यांतला फरक. दोन्हीकडे खाली काळा पाषाण आणि मुरूम, म्हणून बरीच झाडं सारखी चालतात. पण पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर आहे, रात्री हवा गार होते, आणि खडकवासल्याचं पाणी कालव्याने शहरातूनच वाहतं. तुमच्याकडे मेमध्ये पारा सहज 42-43 वर जातो आणि रात्रीही भिंती तापलेल्या राहतात. म्हणून इथे अर्ध्या सावलीत चाललेलं झाड तिकडे पूर्ण सावली मागेल, हे प्रत्येक नोंदीसमोर लिहून ठेवा.

तिसरी, प्रवास. हुतात्मा एक्सप्रेसने आलात तर पुण्यात पोचेपर्यंत साडेदहा वाजून जातात आणि तोवर महापालिकेच्या बऱ्याच बागा दुपारसाठी बंद व्हायला लागतात. इथल्या बागा सकाळी आणि संध्याकाळी अशा दोन वेळांत उघडतात, मधे चार-पाच तास कुलूप असतं. बाहेरगावचे लोक नेमके याच फटीत सापडतात. तेव्हा गुरुवारी संध्याकाळीच मुक्कामाला या, शुक्रवार-शनिवार काम करा आणि रविवारी सकाळी परत निघा. शनिवार-रविवार धरलात तर संस्थांची आवारं बंद मिळतील आणि बागांत इतकी गर्दी असेल की टेप लावता येणार नाही. गाडी स्वतःची आणा. परतीच्या वाटेवर तिचा उपयोग आहे, तो पुढे सांगतो.

आता कामाची वाटणी. आठ जण एकाच घोळक्यात फिरले तर आठांच्या वह्यांत एकच नोंद उतरते. चार जोड्या करा. एक जोडी फक्त पाणी पाहील: कुठून येतं, कुठे थांबतं, कुठे जातं. दुसरी झाडं: अंतर, पसारा, खाली काय जगतंय. तिसरी जमीन आणि कडा: फरसबंदी, पायऱ्या, बाक, जिथे माती संपून दगड सुरू होतो ती रेघ. चौथी माणसं आणि देखभाल. चौथी जोडी बहुतेक टीम विसरतात आणि नंतर तिचीच उणीव भासते. या जोडीने एका ठिकाणी 15 मिनिटं उभं राहून किती माणसं आली, कोणत्या वयाची, बायका कुठे बसतात, म्हातारी माणसं कुठला बाक टाळतात, हे मोजायचं. लोकांनी लॉनवरून पाडलेली पायवाट दिसली तर ती नकाशावर काढायची, कारण आराखडा जिथे चुकला तिथेच ती पडते. आणि प्रत्येक बागेत एका माळीदादांना किंवा मावशींना तीन प्रश्न विचारायचे: पाणी कुठून येतं, पालापाचोळा कुठे जातो, मेमध्ये आधी काय मरतं. या तीन उत्तरांत बागेची कुंडली मिळते. त्यांचं काम थांबवून विचारू नका, सोबत चालत विचारा.

सामान फार लागत नाही. 30 मीटरचा एक टेप, प्रत्येक जोडीला 5 मीटरचा एक, उतार मोजायला मोबाइलवरचं ॲप, एक लेझर थर्मामीटर, आणि आलेखाचा कागद. फोटो माणशी 20, आणि प्रत्येक फोटोत टेप किंवा माणूस हवा, म्हणजे माप कळतं. ड्रोनचा विचार सोडा: लोहगावचं विमानतळ हवाई दलाचं आहे, शहरभर संरक्षण खात्याच्या जागा आहेत, आणि परवानगीशिवाय उडवणं हा गुन्हा आहे. मोठा कॅमेरा आणि ट्रायपॉड पाहिला की सुरक्षारक्षक अडवतात, तेव्हा साधा मोबाइल बरा. टेप काढण्याआधी बागेच्या कार्यालयात ‘अभ्यासासाठी मापं घेतोय’ एवढं सांगून ठेवा.

शुक्रवारी पहाटे वेताळ टेकडी. सहाला एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने वर चढा. सुमारे 800 मीटर उंचीची ही टेकडी शहरातली सगळ्यात उंच जागा, आणि तुमच्या कामाचा पहिला धडा बागेत नसून इथे आहे. वरच्या सपाटीवर माती वीतभरही नाही, खाली थेट मुरूम आणि कातळ. तरीही सालई, मोई, गणेर, पांगारा यांसारखी झाडं कुणी पाणी न घालता उभी आहेत. कुठलं झाड कशाच्या शेजारी उगवलंय ते टिपा, कारण एकट्या झाडाच्या नावापेक्षा ही सोबत जास्त उपयोगाची. मग उताराची दिशा पाहा: पश्चिम आणि दक्षिणेकडच्या उतारावर काटेरी, खुरटं, उत्तर-पूर्वेच्या कुशीत जरा दाट. तुमच्या इमारतींच्या सावल्याही नेमका हाच फरक तयार करणार आहेत. टेकडीवर गिरिपुष्पाची लागवडही भरपूर दिसेल. पटकन वाढतं, ढोरं खात नाहीत, म्हणून लावलं गेलं. त्याच्या दाट रांगांखाली वाकून पाहा आणि मग दहा पावलांवरच्या मोकळ्या गवतात पाहा. गवताच्या जाती, किडे, पक्षी यांतला फरक दोन मिनिटांत कळतो. ‘लवकर हिरवं दिसायला हवं’ असं बिल्डर म्हणेल तेव्हा हा फरक त्याला दाखवायला त्या दोन जागांचे फोटो शेजारी शेजारी ठेवा. साडेआठला खाली उतरा, त्यानंतर वर सावली नाही.

नाश्ता करून विद्यापीठाच्या आवारात जा. तिथे दोन गोष्टी. एक, जुन्या रस्त्यांच्या कडेचे वड आणि वर्षावृक्ष. खोडापासून पानांच्या कडेपर्यंत पावलं मोजा. मोठ्या वर्षावृक्षाचा पसारा 20 मीटरच्या पुढे सहज जातो, आणि आपल्याकडच्या आराखड्यांत तो 3 मीटरच्या वर्तुळात काढलेला असतो. तिथूनच पुढची सगळी भांडणं सुरू होतात: आठव्या वर्षी फांद्या गॅलरीत शिरतात, मग सोसायटी झाड छाटते, मग ते एका बाजूला कलतं. मोठ्या झाडांना 12 ते 15 मीटर, कडुनिंब-करंजासारख्यांना 7-8 आणि तामण-बहाव्याला 5-6 मीटर अंतर धरा. 3 एकरांत झाडांची संख्या कमी दिसेल, दिसू द्या.

दुसरी गोष्ट आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेचं आवार. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचं हे काम, आणि मोकळ्या जागेची मांडणी म्हणून टीममधल्या प्रत्येकाने पाहावं असं. मधला चौक कुंडासारखा आहे, चार कोपऱ्यांत आर्यभट, न्यूटन, गॅलिलिओ आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे. बाहेरच्या भिंतीजवळ जाऊन उभे राहा: खाली स्थानिक काळा पाषाण, त्यावर कडप्पा, आणि सगळ्यात वर आरशासारखा घोटलेला काळा ग्रॅनाइट, ज्यात आकाश उतरतं. काळ्यावर काळं, त्यावर आणखी काळं. रंग बदलला नाही, फक्त दगड आणि त्याची घडण बदलत गेली आणि भिंतीचं वजन वर जाताना कमी झालं. कमी साहित्यात किती बोलता येतं याचा हा धडा आहे, कारण आपल्या संकुलांत पन्नास पावलांत सात प्रकारचे पेव्हर भेटतात. पण थर्मामीटर लावून पाहा आणि दुपारच्या उन्हातल्या काळ्या दगडाचं तापमान लिहून घ्या. सोलापुरात काळा दगड उभ्या भिंतीला आणि सावलीत ठीक, बसायच्या जागेला नको. इथे शिरायला परवानगी लागते, संस्थेच्या लेटरहेडवर 15 दिवस आधी पत्र पाठवा. जवळच कृषी महाविद्यालयाच्या ताब्यातली गणेशखिंडची जुनी बाग आहे, जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झालेली. तिच्यासाठीही त्याच दिवशी पत्र टाका. मिळाली तर झाडांच्या जोडीला तिथे सोडा, नाही मिळाली तर हळहळू नका.

दुपारी दोनला, जेव्हा बागांना कुलूप असतं, तेव्हा जंगली महाराज रस्ता. पदपथ कायम उघडा असतो आणि ऊन मोजायची हीच वेळ. इथले रुंद पदपथ नव्याने आखताना जुनी झाडं जागेवर ठेवली आहेत, त्यामुळे झाड, फरशी आणि माणूस यांची दाटी एका नजरेत दिसते. झाडाखालच्या फरशीचं, उन्हातल्या फरशीचं, उघड्या मातीचं आणि बाकाच्या बैठकीचं तापमान घ्या, चार आकडे एका ओळीत लिहा. मग एका खोडापाशी गुडघ्यावर बसा. फरशीची कड बुंध्यापासून किती लांब आहे? मुळाने फरशी उचललीय का, आणि उचलली असेल तर कोणत्या बाजूने? आळ्यात माती आहे, की खडी, की सिमेंटचा लगदा आणि चहाचे कप? जिथे बुंध्याभोवती लोखंडी जाळी किंवा कठडा बसवलेला असतो तिथे खोड वाढून धातूला टेकतं, साल धातूवर ओघळल्यासारखी चढते आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत झाड आवळलं जातं. यावर उपाय साधा आहे: बुंध्यापासून सगळीकडे किमान 1 मीटर माती मोकळी, त्यापुढे वाळूवर सुट्या बसवलेल्या फरश्या, आणि जाळी हवीच असेल तर उघडून मोठी करता येईल अशी दोन तुकड्यांची.

तिथूनच छत्रपती संभाजी उद्यान स्थानकावर मेट्रो पकडा आणि बंडगार्डनला उतरा. गाडी काढलीत तर कोंडीत पाऊण तास जाईल. पुढे रिक्षाने कोरेगाव पार्कातलं ओशो तीर्थ उद्यान. तुमच्यासाठी सगळ्या सहलीतली ही मुख्य जागा, कारण 12 एकरांची ही बाग एका नाल्यावर उभी आहे. सकाळी सुमारे सहा ते नऊ आणि दुपारी तीन ते सहा एवढीच उघडी असते, आदल्या दिवशी वेळ विचारून घ्या. शुक्रवारी दुपारी एकदा आणि शनिवारी सकाळी पुन्हा एकदा जा. पहिल्या फेरीत कुणीही टेप काढायचा नाही, नुसतं चालायचं. शांतता राखण्याचा इथला नियम आहे, तो पाळा.

दुसऱ्या फेरीत पाण्याच्या जोडीने नाल्याचा छेद, म्हणजे आडवा कापल्यासारखं चित्र, काढायचा, निदान तीन ठिकाणी: तळाची रुंदी, काठाची उंची, काठाचा उतार, पायवाट पाण्यापासून किती लांब आणि किती वर. मग पुराच्या खुणा शोधायच्या. फांद्यांना अडकलेल्या चिंध्या आणि प्लॅस्टिक, खडकावरची गाळाची रेघ, एका बाजूला झोपलेलं गवत. पाणी कुठवर चढतं ते या खुणा कागदपत्रांपेक्षा प्रामाणिकपणे सांगतात. बांबूची बेटं काठापासून किती अंतरावर आहेत तेही बघा. बांबू काठ धरून ठेवतो, पण अगदी पाण्याशी लावला की पुरात आख्खं बेट आडवं होऊन नाल्यातच अडसर बनतं.

ओढ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या कामात सगळ्यात मोठी चूक इथेच होऊ शकते. बिल्डरची पहिली सूचना ठरलेली असते: दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत बांधा, जमेल तितकं अरुंद करा, वर स्लॅब टाकून पार्किंग काढा. आकडा मांडून दाखवा. 3 एकर म्हणजे सुमारे 12,140 चौरस मीटर. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला निम्मा वाहून निघाला, तर तुमच्या एकट्या जागेतून 3 लाख लिटर पाणी ओढ्यात उतरतं. वरच्या बाजूने येणारं वेगळंच. भिंतीत कोंडलेलं पाणी थांबत नाही, वेगाने खाली जातं आणि पहिल्या अरुंद मोरीपाशी तुंबून वस्तीत शिरतं. पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात माणसं, जनावरं, गाड्या वाहून गेल्या. त्या ओढ्याच्या काठाने दिवसाउजेडी चालत गेलात तरी ठिकठिकाणी दिसेल की प्रवाहाला जागा किती उरली आहे.

म्हणून काठाचा उतार 1:3 ठेवा, म्हणजे 1 मीटर उंचीला 3 मीटर आडवं अंतर, जागाच नसेल तर 1:2, त्याहून उभा काठ फक्त गॅबियनने, म्हणजे तारेच्या जाळीत दगड भरून. खालच्या पट्ट्यात वाळा आणि लव्हाळे, वरच्या पट्ट्यात करंज आणि अर्जुन, पण अर्जुनाला पाण्याची ओल बारमाही मिळत असेल तरच. पायवाट पुराच्या खुणेच्या किमान अर्धा मीटर वर. मोरीच्या तोंडाशी कचरा अडवणारी जाळी हवी, आणि तिथवर ट्रॅक्टर किंवा हातगाडी पोचेल असा रस्ता. हा रस्ता आराखड्यात नसला तर जाळी पहिल्याच पावसाळ्यात कचऱ्याची भिंत बनते. ओढ्यात सांडपाणी येत असेल तर आधी ते महापालिकेच्या वाहिनीत वळवायची व्यवस्था बघा. घाण पाण्यावर बाग सजवण्यात काही अर्थ नाही, वास झुडपांनी झाकत नाही.

शनिवारी ओशो तीर्थातून निघून एम्प्रेस गार्डन. रेसकोर्सजवळची ही 39 एकरांची बाग दिवसभर उघडी असते, म्हणून दहानंतरची वेळ तिला द्या. इथे आखणी शोधू नका, सावली शोधा. जुनी झाडं, एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले मनगटाहून जाड वेल, आणि खाली विरळ प्रकाश. अशा दाट सावलीत लॉन टिकत नाही, हे दरवर्षी नव्याने लॉन अंथरणाऱ्या सोसायट्यांना कळायला हवं. झाडाखाली पालापाचोळा तसाच राहू दिलाय तिथली माती बोटांनी दाबून पाहा, आणि झाडून लख्ख केलेल्या जागेतली दाबून पाहा. पहिली भुसभुशीत आणि गार असते, दुसरी वीट. तुमच्या आराखड्यात पाला कुजवायला एकूण जागेच्या एका कोपऱ्यात तीन हौद दाखवा, आळीपाळीने भरायला. नाहीतर तो पाला पेटवला जाईल.

दुपारी खोलीवर बसा आणि आतापर्यंतचे छेद एकाच प्रमाणात, 1:50 ला, एका लांब कागदावर काढा. पुढचं पाहण्याआधी हे करणं महत्त्वाचं. संध्याकाळी कोणती मापं राहिलीत ते इथे कळतं.

साडेचार-पाचला सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. 10 एकर, जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन या 1700 साली पूर्ण झालेल्या बागेवरून प्रेरणा घेऊन केलेलं. दुसऱ्या शहरातली बाग आपल्या मातीत कशी आणतात, हाच तुमचा प्रश्न आहे, म्हणून हे उद्यान तुमच्यासाठी आयतं उदाहरण. कोराकुएनमध्ये बागेबाहेरचा किल्ला आणि डोंगर दृश्यात ओढून घेतले आहेत. इथे ते काम पर्वती करते. कुठल्या वळणावर पर्वती समोर येते आणि कुठे झाडांआड जाते, ते नकाशावर बाणांनी दाखवा. मग विचारा, तुमच्या जागेतून बाहेर काय दिसतं आणि काय झाकायचंय. पायवाटेची वळणंही मोजा: सरळ तुकडा किती पावलांचा, वळल्यावर नजरेला काय मिळतं. पाण्याच्या काठाशी बसून दगड कसे रोवलेत पाहा. निम्मे मातीत गाडलेले, लहानमोठे, सांधे एका रेषेत नाहीत. आपल्याकडे दगड मण्यांसारखे ओळीने मांडले जातात आणि दुसऱ्या पावसात सुटतात.

इथून नेऊ नये अशा दोन गोष्टीही आहेत, लॉन आणि उघडं पाणी. या उद्यानाला कालव्याचं पाणी मिळतं. उन्हाळ्यात लॉन चौरस मीटरला रोज 5 ते 7 लिटर पाणी मागतं. एका एकराला 20 ते 28 हजार लिटर, म्हणजे 10 हजार लिटरचे दोन-तीन टँकर, रोज. उघड्या तळ्याचं रोज 10 मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं तर 100 चौरस मीटरच्या तळ्यातून दिवसाला 1,000 लिटर जातात. सोलापुरात हे दोन्ही तिसऱ्या वर्षी बंद पडतं आणि उरतं ते वाळलेलं गवत आणि फुटक्या टाइल्सचा खड्डा. लॉन हवंच असेल तर मुलांना खेळायला एक सलग तुकडा, 300-400 चौरस मीटरचा, तोही सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या पाण्यावर.

अंधार पडल्यावर सारसबाग. पाचच मिनिटांवर आहे. पेशवाईत आंबिल ओढ्याचा प्रवाह वळवून पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं, तळ्यातल्या बेटावर गणपती. तळं पुढे बुजवलं गेलं आणि तिथे बाग झाली, तरी देवाला अजून ‘तळ्यातला गणपती’च म्हणतात. इथे फक्त चौथ्या जोडीचं काम: शनिवारी संध्याकाळी हजारो माणसं बाग कशी वापरतात. सतरंजी कुठे पसरतात, दिव्याखाली की दिव्यापासून लांब, पोरं कुठे पळतात, आजी-आजोबा कुठल्या काठावर टेकतात. 45 सेंटिमीटर उंचीचा कुठलाही काठ दिसला की माणूस बसतो, हे इथे रात्री आठला पटतं. तुमच्या बागेतल्या वाफ्यांच्या कडा त्याच उंचीच्या करा, बाकांचा खर्च निम्म्यावर येईल.

मापांची एक छोटी ओळ जवळ ठेवा. दोघांना शेजारी चालायला 1.5 मीटर पायवाट, चाकाची खुर्ची आणि समोरून माणूस यायचा तर 1.8. बागेतल्या पायरीची उंची 12 ते 15 आणि रुंदी 35 ते 40 सेंटिमीटर. उताराची वाट 1:12, जमेल तिथे 1:20. पाहिलेल्या प्रत्येक जागेशी हे आकडे ताडून बघा. जिथे आकडा वेगळा आहे आणि तरीही चालायला सुख वाटतं, तिथे थांबून का ते लिहा.

रविवारी सकाळी परत निघालात की सोलापूर रस्त्यावरच उरुळी कांचन आणि सोरतापवाडीच्या रोपवाटिका लागतात. गाडी त्यासाठी हवी. खरेदीची घाई नको, ओळख आणि मापं घ्या. पिशवीच्या मापाप्रमाणे रोपाची उंची आणि खोडाची जाडी लिहा. उंच पण काठीसारखं बारीक रोप घेऊ नका. एखादी पिशवी उचलून तळाशी बघा: मूळ भोकातून बाहेर येऊन जमिनीत शिरलं असेल तर उचलताना ते तुटणार. पिशवीच्या आत मुळं स्प्रिंगसारखी गुंडाळली असतील तर झाड पाच वर्षांनी वादळात उपटतं. कोनोकार्पस हे विदेशी झाड कितीही हिरवं आणि स्वस्त वाटलं तरी नको; गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली. सप्तपर्णी ओळीने लावू नका, फुलांच्या दिवसांत उग्र वासाने खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. खड्डे 1×1×1 मीटर, आणि मुरमात खणल्यावर आधी पाण्याने भरून ठेवा. चोवीस तासांत पाणी जिरलं नाही तर तळ पहारीने फोडायला हवा, नाहीतर पावसाळ्यात रोप टाकीत उभं राहील. काळ्या मातीवर फरसबंदी करताना वरची माती काढून निदान 30 ते 45 सेंटिमीटर मुरूम दाबून भरा, कारण ती माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते आणि पेव्हर लाटांसारखे होतात.

एक सकाळ मात्र पुण्याला निघण्याआधीच काढा, सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानासाठी. माळढोक अभयारण्याचं ते गवत, कुसळी आणि मारवेल, तुमच्याच पावसावर आणि तुमच्याच उन्हात उभं आहे. वेताळ टेकडीवरच्या नोंदी त्याच्या शेजारी ठेवल्या की लॉनऐवजी काय लावायचं याची यादी निम्मी तयार होते.

ओढ्याच्या तळाच्या आणि काठाच्या पातळ्या, आणि जागेचा समोच्च (कंटूर) नकाशा इथे टाकलात तर काठाच्या छेदाबद्दल पुढे नेमकं बोलता येईल.